वीब्केच्या मापाची जोडी

ओबरलॉख, तिरोल
१९ नोव्हेंबर १९७८

प्रिय बुर्गी,

दोरी पोचली. तुझ्या पत्रात वीब्केची खुशाली दीड ओळ आणि गायींची दीड पानं होती. त्यावरून तुमच्या सपाट मुलखात मुलीपेक्षा गायींचं आयुष्य अधिक घटनापूर्ण असतं असं अनुमान काढून मी पत्र बाजूला ठेवलं आणि दोरी घेऊन अंगण ओलांडलं. तुझे वडील कोठाराच्या दारात उभेच होते. पोस्टमनला माझ्याकडे वळताना त्यांनी पाहिलं होतं.

विधी नेहमीप्रमाणे यथासांग पार पडला. दोरीचं खालचं टोक जोत्याला, वरचं खिळ्याला. टाचेपासून उंचावलेल्या हाताच्या मनगटापर्यंत जेवढं माप, तेवढी स्की. या खोऱ्यात जन्मदाखल्यापेक्षा या मापावर लोकांचा विश्वास जास्त. काकांनी गेल्या वर्षीची जोडी शेजारी धरली आणि एकदम ओरडले, "अरे वीतभर! वीतभर वाढली रे पोरगी एका वर्षात!"

संध्याकाळी 'हरीण' खानावळीत ही बातमी तीन टेबलांवर पोचवण्यात आली. मालक पिर्मिन म्हणाला, "क्विरिन, नात येणार आहे का कधी, की नुसत्या फळ्याच वाढतायत तुझ्या?" काका म्हणाले, "तू बिअर ओत. लांब पायांची आहे ती. उतारावर तुझा नातू तिची पाठ बघत राहील."

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. आयुष्यभर कारखान्यात 'फ्योन' स्की दाबणाऱ्या प्रेसवर उभं राहिलेल्या माणसाने घरात दुसऱ्या मॉडेलची स्की येऊ दिली नाही, हे एकपत्नीव्रताइतकंच कडक व्रत झालं. वीब्केच्या बारशापासून दरवर्षी एक जोडी, प्रत्येक जोडी 'फ्योन'चीच, फक्त लांबी वाढत गेलेली. मी एकदा म्हटलं, "काका, दुसऱ्या कंपन्याही बऱ्या स्की करतात." तर म्हणाले, "तू तुझ्या पोरांना संस्कृत अर्धं एका गुरूकडे आणि अर्धं दुसऱ्याकडे शिकवतोस का?" माझे विद्यार्थी तीनच आहेत आणि त्यांतला एक वर्गातल्या शेगडीसाठी येतो, हे मी सांगितलं नाही. जोड्या भिंतीवर चढत्या क्रमाने लागल्या आहेत, चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्यांसारख्या. एकीलाही अजून बर्फ लागलेलं नाही. "ती येईल तेव्हा तिच्या मापाची जोडी तयार पाहिजे, मग ती केव्हाही येवो," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

आता कामाचं. कारखाना 'फ्योन' बंद करतोय. मेणबत्त्यांच्या सणापर्यंत, म्हणजे दोन फेब्रुवारीपर्यंत, शेवटची खेप निघेल, मग साचे मोडीत. काकांनी तीन दिवस कुणाशी बोलणं टाकलं होतं. चौथ्या दिवशी उपाय सापडला: वीब्के पूर्ण वाढेपर्यंत लागतील तेवढ्या सगळ्या जोड्या आताच करून घ्यायच्या. म्हणून त्यांचा तुला एकच प्रश्न आहे. ती शेवटी किती उंच होईल? तुझ्या सासरी, येन्सच्या घरातल्या बायका उंच आहेत का? नेमकं कळव. फोन करू नकोस; फोनवर काका हवामान सांगतात आणि रिसीव्हर ठेवतात.

तुझा
कोर्बिनियन

*

होल्मविक, श्लेसविग
२७ नोव्हेंबर १९७८

प्रिय कोर्बी,

बाबांना सांग, एवढ्या जोड्या करू नका. कोठाराची भिंत आधीच वाकली आहे. मुली मोठ्या झाल्या की त्यांना दुसरंच काही आवडायला लागतं. इथे टेकडीसुद्धा नाही, समुद्राचा बांध सोडला तर.

येन्सच्या घरातलं मला माहीत नाही. उंचीचं आतापासून कोण सांगणार?

एक गाय आजारी आहे. जास्त लिहीत नाही.

बुर्गी

*

ओबरलॉख
४ डिसेंबर १९७८

प्रिय बुर्गी,

तुझं पत्र मी काकांना वाचून दाखवलं नाही. तारेचं उत्तरही याहून लांब असतं.

रागावू नकोस, पण थोडं वडीलकीनं बोलतो. चुलतभावाला तेवढा अधिकार असतो आणि मला स्वतःची मुलं नसल्यामुळे तो कुठेतरी वापरावा लागतो. तू इथून गेलीस, समुद्रकाठच्या माणसाशी लग्न केलंस, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. पण दोन उन्हाळे झाले, वीब्केला आणलं नाहीस. दरवेळी गायी. बुर्गी, गायींचं दूध शेजाऱ्याला काढता येतं. काकू गेल्यापासून तू जणू हे घर बंद झालं असं धरून चालली आहेस. ते बंद नाही. एक म्हातारा त्यात बसून मुलीच्या वाढीचा हिशेब स्कीच्या लांबीत मांडतोय.

काल ते माझ्याकडे आले, टोपी काढून बसले. मी ओळखलं, काहीतरी मागायचंय.

"बुर्गीचं उत्तर आलं?"

"गाय आजारी आहे."

"मी गायीची उंची नव्हती विचारली."

मग म्हणाले, "मी काही वाईट बोललो का रे तिला कधी?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "तू मोठा विद्वान, तुला ठाऊक असेल."

डिसेंबरातल्या प्रथेप्रमाणे आज सगळ्या खोऱ्यात शिंगांचे मुखवटे घालून पोरं घंटा वाजवत फिरतायत. काकांनी दाराशी सफरचंदं ठेवली आहेत आणि स्वतः कोठारात बसलेत. प्रेसवरच्या लोकांनी त्यांना शेवटच्या खेपेसाठी ॲश लाकडाच्या फळ्या स्वतः निवडायला बोलावलं आहे. असा मान तिथे कुणाला मिळत नाही. पण लांबी कळल्याशिवाय फळी निवडता येत नाही.

एक आकडा, बुर्गी. अंदाजाने सांग. चुकला तर देव तुला विचारायला येणार नाही. कारखानाही नाही, तो बंदच होतोय.

कोर्बिनियन

*

होल्मविक
११ डिसेंबर १९७८

कोर्बी,

तुझं पत्र वाचून आधी मला तुझा राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग. आता सांगते. बाबांना सांगायचं नाही, ही शपथ घालून सांगते.

वीब्केला उभं राहता येत नाही. गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती बांधावरून धावताना सारखी पडायला लागली. आम्ही हसायचो. मग जिना चढताना कठडा धरायला लागली. मग नुसता कठडा पुरेना. स्नायूंचा आजार आहे. हँबुर्गच्या डॉक्टरांनी त्याला ग्रीक नाव सांगितलं. तुला त्याचा अर्थ लगेच कळेल, आणि तुला कळून मला काही उपयोग नाही. मी विचारलं, पुढे काय? ते म्हणाले, हळूहळू. मी म्हटलं, काय हळूहळू? तर त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

आईला जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. बाबांना त्याच महिन्यात हे कसं सांगायचं? म्हटलं, थोड्या दिवसांनी. तेवढ्यात माप पाठवायची वेळ आली. त्या वर्षी मी वीब्केला दाराला टेकवून कसंबसं उभं केलं. या वर्षी पलंगावर सरळ झोपवलं, हात डोक्याच्या वर धरला आणि मनगटापर्यंत दोरी लावली. कोर्बी, ती वीतभर वाढलेली नाही. तिची पावलं खाली लोंबतात, चवड्यावर उभं राहिल्यासारखी ताणलेली, आणि दोरी टाचेऐवजी बोटांपासून लागली. आणि झोपलं की माणूस लांब होतो. ती वीत त्याची आहे. तू 'हरीण'मधलं लिहिलंस, तिची पाठ बघत राहील म्हणून, ते मी येन्सला वाचून दाखवू शकले नाही.

ती विचारते, "आजोबांच्या भिंतीवर आता किती झाल्या?" मी सांगते. तिला सगळ्या पाठ आहेत, कुठली निळी, कुठली लाल पट्ट्याची. कधी जायचं, हे ती आता विचारत नाही.

उंचीचं मला विचारू नका. मला ते विचारू नका.

बुर्गी

*

ओबरलॉख
१८ डिसेंबर १९७८

प्रिय बुर्गी,

माझं चार तारखेचं पत्र जाळून टाक. त्यातलं गायींचं वाक्य आधी.

नावाचा अर्थ मला कळला असता, हे खरं. म्हणून मी इन्सब्रुकला वैद्यकशास्त्राच्या ग्रंथालयात गेलो आणि अर्थाच्या पुढचं वाचलं. नको होतं वाचायला. आयुष्यभर शब्दाचं मूळ शोधलं की गोष्ट समजली असं मी मुलांना सांगत आलोय.

शपथ पाळतोय. पण किती कठीण आहे ते ऐक. रोज पोस्टमन गेला की काका अंगणात येतात. विचारत नाहीत. बर्फ नसलेली जमीन झाडतात. मी खिडकीतून मान हलवतो, ते झाडू ठेवतात आणि आत जातात. काल प्रेसवरचा एक माणूस घरी येऊन सांगून गेला, नाताळानंतर लगेच आकडा द्या, नाहीतर फळ्या दुसऱ्या मालाला जातील.

दोनदा मी सांगायला गेलो. पहिल्यांदा ते एका जोडीची मधली कमान तपासत होते. दोन स्टुलांवर स्की आडवी ठेवली होती आणि तळहाताने मध्ये दाबत होते. म्हणाले, "बघ, मुलीच्या वजनाला कशी वाकते. ओझं देत नाही, उचलून घेते." मी म्हटलं, छान. दुसऱ्यांदा ते जेवत होते. जेवणाऱ्या माणसाला काय सांगायचं?

माझ्याजवळ एकच भ्याड उपाय आहे. तुझी स्वतःची उंची कळव. मुलगी आईएवढी होईल, असं मी सांगतो. हे खोटं नाही, भविष्यकाळ आहे, आणि भविष्यकाळात सगळेच बोलतात.

कोर्बिनियन

*

होल्मविक
२७ डिसेंबर १९७८

कोर्बी,

माझी लिही. टाचेपासून मनगटापर्यंतची दोरी सोबत आहे, येन्सने मापली. गाठ त्याने फार घट्ट मारली.

वीब्केला नाताळात खोकला झाला होता. आता उतरला आहे. पाऊस पडतोय, अजिबात थंडी नाही. येन्स म्हणतो पूर्वेचं आभाळ त्याला आवडत नाही.

बुर्गी

*

ओबरलॉख
६ जानेवारी १९७९

प्रिय बुर्गी,

हे पत्र कधी पोचेल, पोचेल की नाही, माहीत नाही. फोन लागत नाही. रेडिओवर सांगतायत की उत्तरेत घरांच्या खिडक्यांपर्यंत बर्फ आहे, गाड्या रुळांवर गाडल्या गेल्या आहेत, वीज नाही, लष्कर वाट काढतंय. आमच्याकडे उतार काळे पडलेत. हॉटेलवाले बर्फासाठी चर्चमध्ये प्रार्थना करून घेतायत. तुम्ही बरे आहात एवढं कुणीतरी कळवा.

आता जे झालं ते सांगतो. शपथ मोडली.

पहिल्या बातमीला काका रेडिओपाशी बसले ते उठलेच नाहीत. आधी घाबरले होते. मग बातम्यांत म्हणाले की तिकडे लोक स्कीवरून दूध आणि औषधं पोचवतायत. काका उठले. चेहरा लाल. "बर्फ आलंय तिच्या दारात! आणि जोड्या सगळ्या इथे, माझ्या भिंतीवर!" ओक्साबोक्शी रडायला लागले, बुर्गी. मी त्यांना काकूंच्या वेळीही असं पाहिलं नव्हतं. "एक तरी पाठवायला हवी होती मी. ती येईल, ती येईल म्हणून धरून बसलो. आता ती खिडकीत बसून बघत असेल, सगळी पोरं बाहेर आणि तिच्या पायाला काही नाही. माझ्यामुळे! म्हाताऱ्याच्या हट्टामुळे!" आणि भिंतीवरून जोडी काढून तिला पोतं गुंडाळायला लागले. म्हणाले, स्टेशनवर जातो, गाडी जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत जातो, पुढे चालतो.

मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, "काका, तुमच्यामुळे नाही." ते म्हणाले, "बाजूला हो." मग मी सांगितलं.

त्यांनी पोतं खाली ठेवलं. पहिला प्रश्न असा: "मग माप कसं घेतलं?"

"झोपवून."

ते भिंतीकडे वळले. "आणि मी 'हरीण'मध्ये ओरडून सांगितलं," एवढंच म्हणाले. मग पोतं काढून जोडी परत टांगली. मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. माझ्याजवळच्या तीन मेलेल्या आणि दोन जिवंत भाषांत त्या वेळेला लागेल असं काही निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी टोपी घालून ते कारखान्यात निघाले. मी विचारलं, "मागणी रद्द करायला?"

"नाही. आकडा द्यायला."

"काका, आता तुम्हाला माहीत आहे ना?"

"मला माहीत आहे. त्यांना नाही. मी नाही मागवल्या तर प्रेसवरचे सगळे विचारतील का नाही, आणि मला ते तोंडाने म्हणावं लागेल." आणि तुझ्या मापाची, बर्फाआधी निघालेली दोरी खिशात घालून ते गेले. फळ्या निवडून आले. सगळ्या लांब्या, शेवटी तुझ्या मापापर्यंत. चांगली फळी ठरवायला त्यांना पूर्ण दिवस लागला.

त्यांचा निरोप आहे, त्यांच्याच शब्दांत: "पुन्हा माप पाठव. ती जशी असेल तसंच. ताणायचं नाही."

कोर्बिनियन

*

होल्मविक
१४ जानेवारी १९७९

कोर्बी,

आम्ही बरे आहोत. तुझं पत्र तीन दिवसांपूर्वी बर्फ हटवणाऱ्या गाडीमागून आलं.

सहा दिवस वीज नव्हती. दूध ओतून द्यावं लागलं, गाडी येऊ शकली नाही. येन्सने गोठ्यापर्यंत बोगदा खणला, शब्दशः बोगदा. मला भीती फक्त वीब्केच्या खोकल्याची होती. तो पुन्हा लागला असता तर डॉक्टरपर्यंत नेणं शक्यच नव्हतं. मी रात्रंदिवस तिचा श्वास ऐकत होते आणि आमच्या बाईसाहेब मजेत होत्या. बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकलं तेव्हा म्हणाली, "आई, खिडकी उघड, ते आलंय." मी उघडली. तिने हात बाहेर टाकला, मूठभर घेतलं, चाखलं. म्हणाली, "आजोबांकडचं पण असंच लागतं?" मी तिथेच वाढले आणि मला आठवेना.

तू सांगितलंस ते बरं की वाईट, मला कळत नाही. दोन दिवस तुझ्यावर चिडले होते. आज नाही. थकले आहे.

बाबांनी सांगितलं तसं माप घेतलं. तिचे गुडघे आता सरळ होत नाहीत. मी दाबले नाहीत. दोरी सोबत आहे. गेल्या दोन वर्षांपेक्षा आखूड आहे. मी गाठ मारत होते तेव्हा वीब्के बघत होती. तिला अगदी नीट कळलं. म्हणाली, "आई, मी लहान झाले म्हणून आजोबा रागावतील का?"

मी म्हटलं, विचारून सांगते. तर विचारून सांग.

बुर्गी

*

ओबरलॉख
२२ जानेवारी १९७९

प्रिय बुर्गी,

वीब्केचा प्रश्न मी जसाच्या तसा वाचून दाखवला. काकांनी पत्र माझ्या हातून घेतलं आणि स्वतः वाचलं; वाचता येतं त्यांना, कंटाळा फक्त लिहिण्याचा. मग दोरी घेऊन भिंतीपाशी गेले. शेवटच्या जोडीला लावली, मग तिच्या आधीच्या, मग तिच्याही आधीच्या. तिथे टोकाला टोक जुळलं.

"तिला लिही," म्हणाले, "रागवायचं कशाला? या मापाची जोडी आहे माझ्याकडे."

मग ती खाली काढली. लाल पट्ट्याची. अंगणात ठेवून इस्त्रीने तळाला मेण लावलं, थंड झाल्यावर खरवडलं, पुन्हा लावलं. पिर्मिन रस्त्याने जाताना थांबला. "काय क्विरिन, इथे बर्फ नाही आणि मेण कसलं लावतोस?" काका म्हणाले, "नातीला लागणार आहे." पिर्मिन हसला, मग काकांच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. टोपीला हात लावून गेला. म्हणजे त्यालाही आता कळलं, आणि काकांना काही म्हणावं लागलं नाही.

नवीन जोड्या मेणबत्त्यांच्या सणापर्यंत येतील. त्यांच्यासाठी काकांनी खिळे ठोकून ठेवलेत. ते का, हे मी विचारलेलं नाही.

आम्ही गुरुवारी निघतोय, दोघंही. सामान एक पेटी आणि ती जोडी, जी त्यांनी मला अजून हातात धरू दिलेली नाही. पूर्ण वाट उभी धरून नेणार म्हणतात; आडवी ठेवली तर कमान बसते, असं त्यांचं मत. मी तुला खरं सांगतो: तिथे येऊन काय करायचं, ते आम्हा दोघांनाही माहीत नाही. मी त्यांना गाडीत विचारेन, आणि ते हवामान सांगतील.

स्टेशनवर येऊ नकोस. तिला एकटीला सोडू नकोस. घर आम्ही शोधू.

कोर्बिनियन